दक्षिणेला-धाक किल्ल्यातला नैवेद्य

१

"देवच जेवायला लागला, तर माणसांनी खायचं काय?"

नेही न्हाव्याची ही कुरकुर हेनुतच्या थेट कानातच शिरली, कारण ती भट्टीपुढे वाकली होती आणि तो तिच्या खांद्यावरून पावाच्या साच्यांत डोकावत होता. नेही किल्ल्याचा न्हावी, आणि पाळी आली की पुजारीही. या महिन्यात पाळी त्याची होती. पुजाऱ्याचं डोकं गुळगुळीत लागतं, आणि वस्तरा त्याच्याच हातात, त्यामुळे ही दोन कामं एका माणसात सुखाने नांदत.

"आज नववा दिवस, हेनुतबाई. पाच पाव, बदकाची तंगडी, कांद्याची जुडी, सगळं साफ. पानावर कण नाही."

"मग बरंच की. माझ्या हातची चव देवाला कळली एकदाची."

"थट्टा सुचते तुम्हाला. आमची न्याहारी गेली."

त्याचंही खरं होतं. देदून देवापुढे संध्याकाळी नैवेद्य ठेवायचा, रात्रभर देवाने त्यातलं सत्त्व घ्यायचं, आणि सकाळी उरलेलं, म्हणजे सगळंच, माणसांनी वाटून खायचं, ही रीत नदीइतकी जुनी. आधी किल्लेदार, मग पुजारी, मग मोहोरदार, मग लेखनिक, आणि मग पहाऱ्यावरचे. देवाने नुसतं सत्त्व घेण्याऐवजी तंगडीला हात घालावा, याची तरतूद कुठल्याच पोथीत नव्हती. पहिल्या दिवशी किल्ल्यात चमत्कार म्हणून ढोल वाजला. तिसऱ्या दिवशी ढोल थांबला. पाचव्या दिवशी लोक देवाकडे जरा रागानेच बघू लागले.

नेही बोलता बोलता कमरेचा शेला घट्ट करत होता. अंगणात हेनुतची बदकं देवळाच्या भिंतीशी उभी राहून ठणाणा करत होती. तिने त्यांच्या दिशेने चिंधी भिरकावली. कशाने पिसाळली होती कोण जाणे. नऊ दिवस हेच चाललं होतं.

तेवढ्यात तिची लेक तेती धापा टाकत आली. सातवा महिना चालू होता, आणि या किल्ल्यात चढ-उताराशिवाय जागा नाही.

"आई," ती म्हणाली, "तुझ्या जावयाला, उशेकला धरलं. नैवेद्य त्यानेच चोरला म्हणतात. उद्या दुपारी डाकेची होडी उत्तरेला सुटायच्या आधी त्याला दक्षिणेच्या तराफ्यावर घालणार."

२

दक्षिणेला-धाक हे नाव किल्ल्याला ज्याने दिलं, तो इथे कधी राहिला नसावा. नदी जिथे काळ्या खडकांत अडखळते, तिथल्या बेटावर हा किल्ला मिसर देशाची वेस राखत बसला होता. दक्षिणेहून येणाऱ्याला इथेच अडवायचं, काय हवं ते विचारायचं, एकदा पाव-दारू द्यायची आणि आल्या वाटेने परत धाडायचं, असा राजाचा हुकूम. बाकी धाक म्हणाल, तर पलीकडच्या शेळ्यासुद्धा तटाखाली पाणी प्यायला यायच्या.

हेनुत या किल्ल्यात नवऱ्याबरोबर आली, नवरा गेला तरी राहिली, आणि वीस वर्षं भट्टी सांभाळत होती. जावई मात्र तिला दक्षिणेचा मिळाला. उशेक मेजाय जमातीचा, वाळवंटातला. वाळूवरचा माग वाचणारा माग्या म्हणून किल्ल्याने त्याला ठेवलेला. लग्न ठरलं तेव्हा ती चार दिवस कुणाशी बोलली नव्हती. आता तिला कुणी विचारलं असतं, तर ती म्हणाली असती की आपल्या लेकीपेक्षा तिला जावई अंमळ जास्त कळतो. पण हे कुणी विचारत नाही.

तराफ्यावर घालणं म्हणजे वेशीबाहेर कायमचं हाकलणं, हे तिला ठाऊक होतं. उशेक गेला की तेतीही पोटासकट त्याच्या मागे जाणार. ती पोर तशी आईवरच गेली होती.

किल्लेदार रेनसेनेब खुर्चीत, डावा गुडघा उशीवर ठेवून बसले होते. भला माणूस. त्यांची एकच इच्छा होती, ती म्हणजे मरण उत्तरेला, आपल्या गावी यावं. त्यासाठी दर दहा दिवसांनी धाडायच्या पत्रात एक वाक्य बिनचूक असावं लागे: सर्व क्षेम.

शेजारी मोहोरदार अंखू उभा होता. किल्ल्यातलं प्रत्येक दार दोरीने बांधून, गाठीवर ओल्या मातीचा गोळा थापून, त्यावर शिक्का उठवणं हे त्याचं काम. त्याच्या मते मिसर देश त्या मातीवरच उभा होता.

"शिक्का रोज शाबूत," अंखू नाक ओढत म्हणाला. त्याला सर्दी झाली होती, ऐन उन्हाळ्यात. "आणि आत जमिनीवर एक पाऊल नाही. आता पाऊल न उमटवता चालणारा किल्ल्यात कोण आहे? तुझा जावई."

"पावलं असती तर?"

"तरी तोच. पाय नाहीत का त्याला?"

हेनुतने किल्लेदारांकडे पाहिलं. ते गुडघा चोळत म्हणाले की पत्रात काहीतरी लिहावंच लागणार. देव जेवतो असं लिहिलं तर वरचे लोक वैद्य पाठवतील. चोर सापडला, घालवला, सर्व क्षेम, हे त्यातल्या त्यात बरं दिसतं.

"मला होडी सुटेपर्यंत वेळ द्या," हेनुत म्हणाली. "पाव माझे आहेत. ते कुठे गेले, मी शोधते."

"आणि नाही सापडले तर?"

"तर तराफ्यावर दोन माणसं जास्त धरा. एक सात महिन्यांची पोटुशी, आणि एक म्हातारी. तुमच्या भट्टीचं तुम्ही बघा."

किल्लेदारांनी गुडघ्यावरचा हात काढला. भट्टीचा विचार त्यांनी केला नव्हता.

३

तिने सुरुवात लेखनिकापासून केली. इबी बोरू तासत बसला होता, आणि डोळ्यांवर ओल्या फडक्याची पट्टी होती. डोळे आलेत म्हणाला. लांबचं काही दिसत नाही, विशेषतः दक्षिणेकडचं.

मागच्या पत्रात काय होतं, असं तिने विचारलं. त्याने पट्टी जराशी वर करून वाचलं. दक्षिणेहून पाच माणसं आली. चाकरी मागत होती. वाळवंटाची खबर विचारली, त्यांनी सांगितली. पाव-दारू देऊन त्याच दिवशी परत धाडली. माग्याला विचारलं, नवा माग नाही. सर्व क्षेम.

"काय खबर सांगितली त्यांनी?"

"ते लिहायचं नसतं," इबीने पट्टी खाली ओढली. "नुसतं विचारलं एवढं लिहायचं."

ती माणसं त्यानंतरही दोनदा आली होती, हे हेनुतला माहीत होतं. सगळ्यांनाच होतं. तिने पुढे विचारलं नाही, आणि त्याने सांगितलं नाही.

तिथून ती तटावर गेली. पहारेकऱ्यांना विचारलं, संध्याकाळनंतर देवळाशी कुणी फिरकलं का. कुणी नाही. दक्षिण तटावर चौघांची नेमणूक असते. चौघेही उत्तर तटावर गर्दी करून उभे होते. इकडे वारा बरा लागतो, असं त्यातला एक म्हणाला. दुसऱ्याची मान अवघडली होती, ती दक्षिणेकडे वळतच नव्हती. हेनुतने त्यांना हसायचं मनात आणलं आणि मग तिच्या लक्षात आलं की दक्षिण तटाच्या पायऱ्या तीही नऊ दिवसांत चढली नव्हती. तिचे गुडघे दुखत होते. निदान तसं ती तेतीला सांगत होती.

उशेकला धान्याच्या कोठीत बसवलं होतं. दाराला अंखूचा शिक्का, म्हणून ती झरोक्यातून बोलली.

"जावईबुवा, देवळाची जमीन पाहिलीस का तू?"

"सकाळी दाखवली त्यांनी. दारातून."

"मग माग वाच की. कोण आलं होतं?"

 हा माणूस तीन दिवसांपूर्वीच्या गाढवाच्या खुरावरून गाढव कुठल्या पायाने लंगडतं ते सांगायचा.

"कुणी आलेलं नाही, आई," तो म्हणाला.

"म्हणजे देवाने खाल्लं?"

"कुणी आलेलं नाही," तो पुन्हा म्हणाला, त्याच सुरात. आणि मग हळूच, "तुम्ही यात पडू नका. तेतीला घेऊन घरी जा."

हेनुत समजली. त्याला चोर माहीत होता, आणि तो तराफ्यावर चढायला तयार होता.

४

संध्याकाळी ती नेहमीप्रमाणे पावांची टोपली घेऊन देवळाच्या उंबऱ्याशी उभी राहिली. वीस वर्षं ती हा विधी बघत होती, म्हणजे वीस वर्षं तिने तो पाहिलाच नव्हता. आज तिने डोळे ताणून पाहिला.

नेहीने आधी पाण्याचा मोठा घडा आत नेला, देवाच्या आंघोळीचा. तो त्याने एका हाताने, गळ्याला धरून, झुलवत नेला. मग टोपली घेतली. आत त्याचं पुटपुटणं चाललं. मग तो पाठमोरा बाहेर येऊ लागला, लव्हाळ्याच्या झाडूने आपलीच पावलं पुसत. देवापुढे माणसाचं पाऊल राहू द्यायचं नाही, ही रीत. उंबऱ्याबाहेर येईतो आतली जमीन कोऱ्या पपायरससारखी झाली. मग उंबऱ्याशी आणून ठेवलेला घडा त्याने कडेवर घेतला, दोन हातांनी, तेतीने उद्या बाळ घ्यावं तसा.

अंखूने दार बांधलं, माती थापली, शिक्का उठवला. नेही त्याच्या नाकासमोरून गेला तेव्हा अंखू मोठ्याने शिंकला.

"विसळून आणतो," नेही म्हणाला आणि पाण्याच्या जिन्याने खाली निघाला. तटातून थेट नदीपर्यंत उतरणारा, वरून झाकलेला तो जिना. वेढा पडला तर पाणी मिळावं म्हणून बांधलेला. वेढा कधी पडला नव्हता.

बदकांनी पुन्हा आकांत मांडला. हेनुत त्यांना हाकायला भिंतीमागे गेली, आणि तिथेच थांबली.

देवळाच्या भिंतीला खाली दगडी पन्हळ आहे. देवाच्या आंघोळीचं पाणी त्यातून बाहेर येतं, आणि हेनुतची बदकं रोज संध्याकाळी तिथे रांग लावून पितात. देवाचं तीर्थ म्हणून त्यांची अंडी ती शेजाऱ्यांना चढ्या बढाईने वाटायची. तिने पन्हळीत हात घातला. तिच्या हाताला कोरडी धूळ लागली, आणि एक कोळ्याचं जाळं.

ती तिथेच जमिनीवर बसली. बदकांनी तिला घेरलं. नऊ दिवस ती जनावरं तिला ओरडून सांगत होती, आणि ती चिंध्या भिरकावत होती.

चोर अंखू निघावा, असं तिला फार वाटत होतं. अंखू असता तर किती बरं झालं असतं.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी धक्क्यावर दोन वाहनं तयार होती. डाकेची होडी उत्तरेला, तराफा दक्षिणेला. उशेकच्या हातात एक गाठोडं होतं. तेतीच्या हातात तसंच दुसरं, आणि तिच्या चेहऱ्यावर तिच्या आईचा चेहरा. इबी मांडीवर पपायरस पसरून बसला होता. किल्लेदारांना खुर्चीसकट खाली आणलं होतं.

"सापडला?" त्यांनी विचारलं.

 हेनुत नेहीकडे वळली. "नेहीदादा, देवाला आंघोळ घालून किती दिवस झाले?"

नेहीचा हात शेल्याकडे गेला.

"रोज घालतो," तो म्हणाला.

"मग पाणी जातं कुठे? माझी बदकं दहा दिवस तहानेली आहेत."

अंखू म्हणाला की इथे राजाच्या वेशीचा प्रश्न आहे आणि ही बाई बदकांचं काय घेऊन बसली. पण किल्लेदारांनी हात वर केला, तेव्हा ती अंखूला म्हणाली की शिक्का तुमचा खरा, त्यावर माझा काडीचा संशय नाही. दार रात्रभर बंदच होतं. आत कुणी गेलं नाही. माझा जावई दोनदा मला तेच सांगत होता आणि मी ऐकत नव्हते. पुजारी शेवटचं काम करतो ते पाऊल पुसण्याचं, आणि पुसलेल्या जमिनीवर नंतर पाऊल नाही. मग पाव गेले ते पुसण्याच्या आधी. आणि त्या वेळी आत असतो एकच माणूस.

"घडा जाताना रिकामा असतो," ती म्हणाली, "म्हणून एका हातात झुलतो. येताना जड. पाणी ओतून घडा जड झालेला मी जन्मात पाहिला नाही. आणि हा शेला. महिन्यापूर्वी एकच वेढा पुरायचा, आता दोन बसतात. चोर खाऊन वाळतो का कुठे? नेहीदादा, त्यातला एक घास तरी खाल्लास का रे तू?"

हे शेवटचं विचारताना तिचा आवाज फिरला, आणि तिला स्वतःचाच राग आला.

नेही किल्लेदारांपुढे गुडघ्यावर बसला. त्याने एवढंच सांगितलं की पहिल्या दिवशी एकच पाव नेला होता. मग एकाने भागेना. देव जेवला असं म्हटलं, तर कुणी विचारणार नाही असं वाटलं. देवाला कोण विचारतं? उशेकला धरलं तेव्हा सांगायचं होतं, पण मग जिन्याने खाली जाणं बंद झालं असतं. एक दिवस, आणखी एक दिवस, असं करत राहिला.

"आणि देदून मूळचा दक्षिणेचाच देव," तो म्हणाला. "त्याचा नैवेद्य त्याच्या..." आणि पुढचा शब्द त्याने गिळला.

"चोरी ती चोरी," अंखू म्हणाला.

"तुमच्या नाकासमोरून दहा वेळा ताजा पाव गेला, मोहोरदार," हेनुत म्हणाली.

"मला सर्दी होती."

"दहा दिवस?"

अंखूने नाक ओढून बघितलं. ते स्वच्छ वाजलं. तो दोरीचा गुंडा उलगडू लागला, नंतर परत गुंडाळू लागला.

किल्लेदारांनी नेहीच्या गुळगुळीत डोक्याकडे पाहिलं. मग म्हणाले की पुजाऱ्याने आजच्या आज देवाला दहा आंघोळी घालाव्यात, लागोपाठ, आणि उशेकचं गाठोडं कुणीतरी घरी न्यावं. तेतीने ते लगेच घेतलं. आता तिच्याकडे दोन झाली. तराफ्यावरच्या माणसाने वल्हं खाली ठेवलं. 

पाव कुणाला दिले, हे कुणीच विचारलं नाही. किल्लेदारांचा गुडघा, इबीचे डोळे, अंखूचं नाक, पहारेकऱ्याची मान. सगळ्या किल्ल्याला दहा दिवसांत जडलेलं दुखणं एकच होतं, हे हेनुतला आता दिसत होतं. तिचे स्वतःचे गुडघेही त्यात आले.

"चला," किल्लेदार म्हणाले, "होडी खोळंबली. इबी, नेहमीचं लिही."

इबीने बोरू बुडवला. पत्राच्या शेवटी माग्याची साक्ष लागते. त्याच्या तोंडून आल्याशिवाय ओळ लिहायची नाही, अशी राजाची सक्त ताकीद. उशेक नऊ वर्षं दर दहा दिवसांनी ती साक्ष देत आला होता. किल्ल्यातल्या कुत्र्यालाही ती पाठ होती.

"माग्या," इबीने पट्टीखालून विचारलं, "दक्षिणेकडे नवा माग?"

उशेकने हेनुतकडे पाहिलं. मग तेतीकडे. मग तो नदीकडे वळला, दक्षिणेच्या अंगाने, जिकडे दहा दिवस कुणी तोंड केलं नव्हतं.

"आहे," तो म्हणाला.

इबीचा बोरू हवेत राहिला. 

"दक्षिण तटाखालच्या खडकांत," उशेक म्हणाला. माग वाचतानाचा तोच सपाट आवाज. "पाच माणसं आली होती. दोन बाप्ये, दोन बाया, एक पोर. एक बाई म्हातारी, काठीचं टोक उजवीकडे रुततं. गाढव होतं. सहा दिवसांपूर्वी त्याचा माग थांबला, तिथे चुलीची राख आहे. पोर आधी चालत होतं. परवापासून त्याचं पाऊल नाही, बाईचं पाऊल खोल आहे. ती उचलून घेते त्याला. काल मला धरलं तेव्हा म्हातारी उठलेली नव्हती."

उशेक इबीकडे वळला.

"तिकडे तीन वर्षं पाऊस नाही. आल्या दिवशीच त्यांनी सांगितलं होतं. आपण विचारलं होतं, म्हणून सांगितलं होतं. हे लिही, इबीदादा. ती माणसं भुकेने मरतायत, आपल्या भिंतीला टेकून, आणि आपल्या सगळ्यांना ती दिसतायत."